तुकोबांच्या पुलावरून
रेव्हरंड नारायण वामन टिळक : कीर्तनकार, कवी आणि ख्रिस्तदास

भुसावळहून नागपूरकडे निघालेली आगगाडी मलकापूरला आपल्या जिल्ह्यात शिरते आणि नांदुरा, जलंब, शेगाव अशी स्थानके घेत अकोल्याच्या दिशेने निघून जाते. हा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला, आणि तेव्हापासून कापसाच्या गाठींबरोबर कितीतरी माणसांची नशिबेही त्याने इकडून तिकडे वाहून नेली. गेल्या शतकाआधीच्या शतकातील अखेरच्या दशकात नाशिक आणि नागपूर या दोन गावांमध्ये सतत येजा करणारा एक तिशीतला शास्त्री याच रुळांवरून आपल्या काळ्या मातीचा प्रदेश पाहत गेला असला पाहिजे. संस्कृतात व्युत्पन्न, मराठीत शीघ्रकवी, वक्तृत्वात तेजस्वी, स्वभावाने तापट आणि व्यवहारात पूर्ण उदासीन, असे ते गृहस्थ होते. पुढे महाराष्ट्राने त्यांना ‘फुलांमुलांचे कवी’ म्हटले आणि मराठी ख्रिस्ती समाजाने त्यांची गीते आपल्या उपासनेचा श्वास केली. ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

खामगावात ‘टिळक’ म्हटले की लोकमान्यांच्या नावाच्या राष्ट्रीय विद्यालयाची आठवण प्रथम येते, आणि ते स्वाभाविकच आहे. दोघेही कोकणातले, दोघेही चित्पावन, दोघेही एकाच काळातले. त्यामुळे नामसादृश्याने घोटाळा होणे हेही नवे नाही. तथापि नाताळच्या दिवसांत बुलढाण्याच्या, खामगावच्या वा मलकापूरच्या ख्रिस्ती वस्तीत पेटी-तबल्याच्या आणि झांजांच्या साथीने जी भजने ऐकू येतात, त्यांच्यामागे उभा असलेला टिळक हा दुसरा आहे. वऱ्हाडात अमेरिकेतून आलेल्या अलायन्स मिशनने काम केले. टिळकांचा संबंध होता तो अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) अमेरिकन मराठी मिशनशी. मिशने निराळी, त्यांचे पंथभेदही निराळे. पण गाणे एकच झाले. मिशनच्या हद्दी गाण्याला अडवू शकत नाहीत हेच खरे.

नारायणराव ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मले. वडील सरकारी नोकरीतले, कर्मठ आणि कमालीचे रागीट. आई जानकीबाई कवितेची आवड असलेली, मृदू. आई लहानपणीच गेली आणि मुलाचा घराशी असलेला धागा तुटला. तो पोरगा नाशिकला आला, तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला, थोडी इंग्रजी शाळा केली, आणि पदवीच्या वाटेला कधी गेलाच नाही. जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचे लग्न झाले तेव्हा वधू अकरा वर्षांच्या आसपास होती. हीच पुढे लक्ष्मीबाई टिळक. लक्ष्मीबाईंच्या माहेरी सोवळ्याचे असे काही थैमान होते की, बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे. अशा घरातली मुलगी अशा घरचा उंबरठा कायमचा सोडून आलेल्या पुरुषाच्या पदरी पडली; आणि त्यातून मराठी वाङ्मयाला एक अपूर्व आत्मचरित्र मिळावयाचे होते.

लग्नानंतरची वर्षे म्हणजे भटकंतीच होय. कोठे शिक्षक, कोठे पुराणिक, कोठे कीर्तनकार. नोकरी धरावी आणि सोडावी, पैसा मिळावा आणि पहिल्या गरजू माणसाच्या हाती जावा, हा नित्यक्रम. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्यासारख्या धनिकाचा आश्रय लाभला. तेथे ग्रंथसंग्रहाचे आणि लेखनाचे काम होते. वरून पाहता स्थैर्य आले. आत मात्र माणूस खदखदत होता. जातिभेद, स्त्रियांची दुर्दशा, मूर्तिपूजा, कर्मकांड यांविषयीचे प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हते. देव हा सर्वांचा पिता आणि माणसे परस्परांची भावंडे, एवढ्याच पायावर एखादा नवा धर्म उभारावा अशीही कल्पना त्यांच्या मनात घोळत होती. नवा धर्म काढण्याची उमेद ही त्या काळाचीच एक खूण आहे. प्रार्थनासमाज, सत्यशोधक समाज, आर्यसमाज हे सर्व त्याच पिढीच्या आगेमागे उभे राहिले.

१८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा गृहस्थ होता. त्या काळी गोऱ्या माणसाने डब्यात नेटिवाला जागा करून द्यावी हीच अपूर्वाईची गोष्ट. येथे तर त्या गृहस्थाने अगत्याने बसवून घेतले, संस्कृत काव्याविषयी गोष्टी काढल्या आणि मग धर्माकडे वळून तो म्हणाला की, परमेश्वर तुम्हांला बोलावीत आहे, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना हे बोलणे विचित्र वाटले. उतरताना त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि वाचण्याचे वचन घेतले. वचन दिले म्हणून पुस्तक उघडले गेले. आवड अशी नव्हतीच. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत आल्यावर वाचणाऱ्याला ते पुस्तक खाली ठेवता येईना. आपण ज्या प्रश्नांची उत्तरे शोधीत होतो ती येथे आहेत असे त्यांना वाटले. त्या गोऱ्या प्रवाशाची आणि त्यांची पुन्हा भेट झाली नाही. त्याचे नावही त्यांनी विचारून ठेवले नव्हते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. टिळकांचे धर्मांतर दुष्काळातल्या भाकरीने झाले नाही, नोकरीच्या आशेने झाले नाही, कुणाच्या वादविवादाला हरूनही झाले नाही. त्या पाऊलामुळे मिळाले काहीच नाही. गेले मात्र सर्व. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत भायखळ्याच्या अमेरिकन मिशनच्या देवळात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो त्यांनी गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न घेता रेव्हरंड तुकाराम नाथोजी या देशी पाळकाच्या हातून घेतला. पुढच्या बावीस-चोवीस वर्षांच्या सगळ्या झगड्याचे बीज या एका निवडीत आहे. ख्रिस्त हवा, पण तो परक्याच्या ओंजळीने नको.

लक्ष्मीबाईंना ही बातमी नंतर कळली. त्यांची स्थिती काय झाली असेल याची आज कल्पनाच केलेली बरी. कडेवर दत्तू, नवरा जिवंत आणि तरीही मेल्याहून दूर. समाजाच्या दृष्टीने सौभाग्य आहे, पण त्या सौभाग्याचा उच्चारही चोरून करावयाचा. सुमारे पाच वर्षे त्या नातलगांच्या आधाराने राहिल्या, काही काळ पंढरपुरातही. नारायणरावांची पत्रे येत, त्यांत कविता असत, राग असे, आर्जव असे. दुसरी बायको करण्याचा विचार त्या भल्या माणसाच्या मनाला शिवला नाही, आणि बायकोला जबरीने ओढून नेण्याचाही नाही. अखेर त्या परत नांदायला आल्या, तरी चूल वेगळी राहिली. एकाच छपराखाली सोवळे आणि बाप्तिस्मा शेजारी शेजारी नांदत होते. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्या बाईंनी कोणा पंडिताला विचारला नाही. स्वतःशीच विचारला आणि स्वतःच सोडविला. एकदा तो सुटल्यावर मात्र त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी निःशंकपणे घेतले. १९०० साली राहुरीला त्यांचा आणि मुलाचा बाप्तिस्मा झाला.

ज्या बुलढाण्याने १८८२ मध्येच ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलने’तून पुरुषांना खडे बोल ऐकविले, त्या बुलढाण्याच्या वाचकाने लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ अवश्य वाचावीत. ताराबाई कोरडे ओढतात, लक्ष्मीबाई हसवतात. पण नवऱ्याच्या मोठेपणाची किंमत बायकोला कशी चुकवावी लागते, हे दोघींनाही सारखेच ठाऊक होते. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात टिळक संत म्हणून येत नाहीत. घरातले शेवटचे पैसे देऊन टाकणारा, न सांगता घरातून निघून जाणारा, क्षणात भडकणारा आणि क्षणात लहान मुलासारखा रडणारा नवरा म्हणून ते येतात. शाळेचा उंबरठा न चढलेल्या बाईने हे लिहिले! तिला अक्षरे शिकविली ती त्याच नवऱ्याने, हेही विसरता येत नाही. जोसेफिन इंक्स्टर यांच्या इंग्रजी अनुवादाने १९५० मध्ये हे पुस्तक मराठीच्या बाहेर गेले, आणि १९८३ मध्ये विजया मेहता यांनी त्यावर केलेला दूरदर्शनपट कित्येकांच्या स्मरणात आहे.

नगरला टिळकांनी मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत भावी उपदेशकांना शिकविले, १९०४ मध्ये त्यांची पाळक म्हणून दीक्षा झाली, आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे ते संपादक होते. ‘ज्ञानोदय’ हे १८४२ मध्ये नगरात सुरू झालेले पत्र. मराठी पत्रसृष्टीतल्या जुन्याजाणत्यांपैकी एक. ही पदे सांगून झाली. पण टिळकांचे खरे काम पदांत बसणारे नव्हते.

त्यांच्यापूर्वी मराठी ख्रिस्ती गीते नव्हती असे नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्येच छापले होते, आणि नगरकडे कृष्णराव सांगळे यांनी देशी चालींवर गीते रचून ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा पाडला होता. तरीसुद्धा मंडळीत पुष्कळसे गायले जाई ते इंग्रजी गीतांच्या भाषांतरांतून. चाल विलायतेची, शब्द मराठी, आणि मात्रा कोणत्याच भाषेच्या नाहीत! शेतमजुराने, महाराच्या नाहीतर मांगाच्या पोराने दिवसभर राबून यावे आणि संध्याकाळी देवाला हाक मारण्यासाठी आधी परकी चाल शिकावी, हा टिळकांच्या दृष्टीने अन्याय होता. या माणसाच्या कानात पिढ्यान्‌पिढ्या भजन आहे, एकतारी आहे, ओवी आहे. त्याला तीच द्या, असे त्यांचे म्हणणे. ते केवळ म्हणून थांबले नाहीत. गीतांमागून गीते त्यांनी रचली. सात-एकशे गीतांच्या संग्रहात अडीचशेच्या आसपास एकट्या टिळकांची भरतील एवढी! ‘अभंगांजली’तील अभंगांत त्यांनी स्वतःचे नाव घातले नाही. तुकोबांनी ‘तुका म्हणे’ म्हणावे, यांनी नुसते ‘दास म्हणे’. त्या अभंगांत ख्रिस्त ‘माउली’ होतो, गुरू होतो. वारकऱ्याने विठोबाला आई म्हणावे त्याच जिव्हाळ्याने हा दास ख्रिस्ताला आई म्हणतो. पाश्चात्त्य धर्मशास्त्र घोकलेल्या कोणाला ही भाषा सैल वाटेल. शेगावच्या वाटेवर चालणाऱ्याला मात्र ती समजावून सांगावी लागणार नाही.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असे ते सांगत. या एका उद्गाराने दोन्हीकडचे लोक दुखावले जाऊ शकत होते, आणि जातही. हिंदूंना वाटे, आमचा तुकोबा यांनी पूल म्हणून वापरला. काही ख्रिस्ती लोकांना वाटे, पलीकडे आल्यावर तो पूल पाडून का टाकीत नाहीत? टिळकांनी पूल पाडला नाही. उलट आयुष्यभर त्यावरून येजा चालू ठेवली. बाप्तिस्म्याने मी ख्रिस्ती झालो, हिंदी राहिलो नाही असे नव्हे, हे ते वेशभूषेपासून बैठकीपर्यंत प्रत्येक गोष्टीत दाखवीत. देशभक्तीच्या त्यांच्या कवितांकडे पाहिले म्हणजे, राष्ट्रप्रेम आणि ख्रिस्तप्रेम हे एकमेकांचे सवतेभाऊ आहेत असे समजणाऱ्यांची वाचा बसावी.

मराठी कवितेत तर त्यांचे स्थान धर्माच्या कुंपणापलीकडचे आहे. केशवसुतांच्या बरोबरीने आधुनिक मराठी कवितेचा उंबरठा ओलांडणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. ‘केवढे हे क्रौर्य’ ही शिकाऱ्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीची कविता किती पिढ्यांनी शाळेत पाठ केली! ती म्हणताना कवी कोणत्या धर्माचा, हे कोणा मुलाच्या मनातही आले नसेल. ‘वनवासी फूल’ आणि ‘सुशीला’ ही त्यांची दीर्घकाव्ये आता फारशी कोणी वाचत नाही, ही आपल्या वाचनाची स्थिती. १९०७ मध्ये जळगावला जे कविसंमेलन भरले, त्यामागे टिळकांची मोठी खटपट होती. तेथे धरणगावचा एक सतरा वर्षांचा मुलगा कविता म्हणावयास उठला आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. टिळक त्या त्र्यंबक ठोमऱ्याला नगरला आपल्या घरी घेऊन आले. घर आधीच मुलांनी, आश्रितांनी, विद्यार्थ्यांनी भरलेले. त्यात आणखी एक. बालकवी त्या ख्रिस्ती घरात राहिले, लक्ष्मीबाईंच्या हातचे जेवले, आणि हिंदूच राहिले. धर्मोपदेशकाच्या घरात राहूनही त्या मुलाचा धर्म कोणी मागितला नाही, ही गोष्ट टिळकांविषयी कितीतरी सांगून जाते. मे १९१८ मध्ये भादलीच्या स्थानकाजवळ रेल्वेखाली बालकवींचा अंत झाला. भादली ते मलकापूर हे अंतर या वाचकांना सांगावयास नको.

त्या वेळेपर्यंत टिळक साताऱ्यास होते, आणि त्यांच्या आयुष्यातले शेवटचे वादळ उठलेले होते. मिशनने लोकांना शिकविले, रोग्यांना औषध दिले, अनाथांना पोसले. हे उपकार टिळक कधी विसरले नाहीत. पण बाहेरच्या पैशावर उभी असलेली मंडळी स्वतःच्या पायांवर कधी उभी राहणार? पाळक पगारासाठी मिशनकडे पाहतो, मंडळी पाळकाकडे पाहते, आणि गावातला हिंदू या सर्वांकडे साहेबाची माणसे म्हणून पाहतो. ख्रिस्त आणि महाराष्ट्र यांच्यामध्ये ही जी भिंत उभी राहिली तिची एक वीट आपणही आहोत, असे त्यांना वाटू लागले. ८ सप्टेंबर १९१७ रोजी त्यांनी मिशनच्या चाकरीचा राजीनामा दिला आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून जगण्याचे ठरविले.

‘देवाचा दरबार’ ही त्यांची अखेरची कल्पना. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त ज्यात बंधू म्हणून एकत्र बसतील असा एक सत्संग त्यांना उभारावयाचा होता. ही कल्पना पुष्कळांना पेलली नाही, आणि त्यात नवल नाही. बाप्तिस्म्याची रेघच पुसली तर मंडळी आणि मंडळीबाहेरचे यांत फरक काय उरला, हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नव्हे. टिळकांपाशी त्याचे शास्त्रशुद्ध उत्तर होते असेही मला वाटत नाही. उत्तर म्हणून त्यांच्यापाशी स्वतःचे आयुष्य होते. बाप्तिस्म्यासाठी स्वतः सर्वस्व घालवून बसलेला माणूसच बाप्तिस्म्याविना येणाऱ्यांना दार उघडे ठेवा म्हणत होता. ज्याने किंमत दिली नाही त्याने असे म्हटले असते, तर ते स्वस्त ठरले असते.

या दरबारासाठी काळाने त्यांना दोन वर्षेही दिली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत जे. जे. रुग्णालयात त्यांचे देहावसान झाले. आपले दफन न करता दहन करावे अशी त्यांची इच्छा होती, आणि तसेच करण्यात आले. अस्थी नगरला नेऊन तेथील दफनभूमीत ठेवण्यात आल्या. ख्रिस्ती मंडळीला हेही नवीनच होते. धर्म बदलला म्हणून राख होण्याचा आपल्या पूर्वजांचा हक्क का सोडावा, एवढेच कदाचित त्यांना सुचवायचे असेल.

मागे एक मोठे काम अपुरे राहिले. ख्रिस्ताचे चरित्र ओवीत गुंफणारे ‘ख्रिस्तायन’ त्यांनी १९०९ च्या सुमारास हाती घेतले होते आणि जेमतेम दहा अध्याय हातावेगळे झाले होते. ज्या बाईने नवऱ्याच्या बाप्तिस्म्याची बातमी ऐकून आकांत केला होता, तिनेच लेखणी उचलली. लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले, आणि केवळ लिहिलेच नाहीत, तर गावोगाव कीर्तनेही केली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या तेव्हा समाप्तीचा अध्याय तेवढा राहिला होता. तो त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी पूर्ण केला, आणि ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका ग्रंथाला तीन हात लागले, आणि तीनही एकाच घरचे.

जे. सी. विन्स्लो या इंग्रज धर्मोपदेशकाने १९२२ मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला. हिंदी आणि इंग्रज ख्रिस्तसेवकांनी एका छपराखाली, एका पंगतीला, खादी नेसून राहावे, अशी त्या संघाची रीत होती. टिळकांच्या दरबाराचे काही धागे तेथे उचललेले स्पष्ट दिसतात. विन्स्लोंनीच १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहून त्यांचे नाव परदेशी पोहोचविले.

आपल्याकडच्या ख्रिस्ती वस्त्यांतून यंदाच्या नाताळातही मध्यरात्रीपर्यंत भजने चालतील. तरुण मुले गिटार घेऊन येतील, हिंदी आणि इंग्रजी गाणीही होतील, आणि त्यात वावगे काही नाही. मग कोणी वृद्ध गृहस्थ पेटीपाशी बसेल, झांजा हळूच लय धरतील आणि ‘दास म्हणे’ या शब्दांपाशी येऊन अभंग संपेल. गाणाऱ्यांपैकी पुष्कळांना तो दास कोण हे ठाऊक नसते. नाव घातले नव्हते ते याचसाठी.